परवान्याची बंदूक आणि गावाची राखण

(गुंजी येथील ग्रामस्थांच्या सभेत आम्ही केलेल्या भाषणाचा मजकूर वाचकांच्या मागणीवरून येथे देत आहोत.)



माऊलीच्या या गावी आम्ही आजवर आलो ते बहुधा सीमाप्रश्नावर बोलण्यासाठी. आज तुम्ही आम्हांस निराळा विषय दिला आहे. शेताच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक मिळावी की नाही, मिळालेली बंदूक निवडणूक जाहीर होताच ठाण्यात का नेऊन द्यावी, आणि ठाणे दूर व शिपाई थोडे अशा मुलखात माणसाने आपल्या जीविताचे रक्षण करावे तरी कसे, हा तो विषय होय. सभेपूर्वी काही तरुणांनी आम्हांला बाजूस घेऊन आणखी एक प्रश्न विचारला. 'जेथे पोलीस आपले वाटत नाहीत, तेथे आपणच हत्यारे का बाळगू नयेत?' हा प्रश्न त्यांनी हळू आवाजात विचारला; आम्ही त्याचे उत्तर मोठ्या आवाजात देणार आहोत. पण ते सभेच्या उत्तरार्धात. आधी राखणीचे पाहू.

हत्यारे काढून घेण्याचा कायदा या देशात कसा आला हे आमच्या या दक्षिण मराठा मुलखाइतके दुसऱ्या कोणास क्वचितच ठाऊक असेल. १८५७ चा वणवा उत्तरेत पेटला आणि कंपनी सरकारने इकडे हत्यारबंदीचा हुकूम काढला. मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेरडांनी तो मानला नाही. ज्यांची शिकार आणि राखण हत्यारावर चालायची, त्यांना 'हत्यार टाका' म्हणणे म्हणजे 'हात तोडून द्या' म्हणण्यासारखेच होते. नोव्हेंबर १८५७ मध्ये फौजेने हलगली जाळली आणि पकडलेल्यांपैकी कित्येकांना मुधोळात व हलगलीत लोकांच्या देखत फासावर चढवले. पुढच्याच वर्षी नरगुंदचे भास्करराव भावे उठले. दत्तकाची नामंजुरी हे त्यांचे मोठे दुःख, पण हत्यारे जप्त होण्याची धास्तीही त्यात होतीच. पोलिटिकल एजंट मॅन्सन सुरेबान येथे मारला गेला आणि जून १८५८ मध्ये भास्कररावांना बेळगावात फाशी झाली. त्याआधीची गोष्ट तर तुमच्या शिवेला लागून आहे. कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाने याच खानापूरच्या रानांतून गोऱ्यांना झुंजवले आणि १८३१ साली नंदगडात तो फासावर गेला. तो कानडी बोलत होता म्हणून तो आम्हांला परका वाटत नाही. ज्यांना वाटतो त्यांनी नंदगडास एकदा जाऊन यावे.

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या अमदानीत हत्यारांचा कायदा कायम झाला. गोऱ्याला मोकळीक आणि काळ्याला परवाना, ही त्याची नीती होती. म्हणूनच काँग्रेसने आपल्या आरंभीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव केले, आणि १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकास असावा, असे स्पष्ट कलमच घातले. मग स्वराज्य आले. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामतांनी तोच हक्क घटनेत घालावा अशी उपसूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. परक्या सरकारपुढे केलेली मागणी स्वतःच्या राज्यात जशीच्या तशी चालवता येणार नाही, आणि असा हक्क सरसकट दिला तर सराईत गुन्हेगारही त्यावर बोट ठेवील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. उपसूचना फेटाळली गेली. घटनेने एकत्र जमण्याचा हक्क दिला तो 'शांततेने व विनाशस्त्र' असा. आम्हांस डॉ. आंबेडकरांचा निर्णय योग्य वाटतो. परंतु हक्क नाकारला म्हणजे गरज नाहीशी होत नाही, आणि ती गरज ओळखूनच १९५९ चा कायदा झाला.

हा कायदा आपल्या शेतकऱ्याने वाचलेला नाही, आणि ज्याने वाचलेला आहे तो कारकून त्यास सांगत नाही. तेव्हा आम्ही सांगतो. कलम १३ म्हणते की, पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी नागरिकाने ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला, तर कायद्याच्या इतर अटींस अधीन राहून अधिकाऱ्याने तो द्यावयाचा आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. कलम १४ म्हणते की, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणासाठी परवाना नाकारता येणार नाही. हे वाक्य ज्यांनी कायद्यात घातले त्यांना आम्ही मनोमन धन्यवाद देतो. कारण दहा एकरांच्या धन्यापेक्षा दोन गुंठे भात लावणाऱ्याचे एका रात्रीत अधिक जाते. नकार द्यायचा तर कारणे लिहून ठेवावी लागतात, आणि अशा नकारावर कलम १८ खाली अपील आहे. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांची झाली आणि एका माणसाकडील हत्यारांची मर्यादा तिनावरून दोनावर आली. त्याच दुरुस्तीने बिनपरवाना हत्याराची शिक्षाही वाढवली, आणि लग्नाच्या वरातीत बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्यासही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले. कोणाच्या वळचणीला आज्याच्या वेळची ठासणीची बंदूक विनाकागद पडली असेल, तर त्याने ती वारसा म्हणून जपू नये. वकिलास विचारून कायद्याच्या वाटेने ठाण्यात जमा करावी.

आता गुंजीचे पाहा. एका बाजूस रेल्वेचा रूळ, दुसऱ्या बाजूस गोव्याकडे जाणारा रस्ता आणि चोहोंकडे रान. वायव्येकडे भीमगडाचे अभयारण्य २०११ साली जाहीर झाले, दक्षिणेस दांडेलीची अरण्ये. अभयारण्यास आमचा विरोध नाही; म्हादई व मलप्रभा ज्या डोंगरांत उगम पावतात ते डोंगर उघडे झाले तर शेती तरी कशावर करायची? पण गवा आणि रानडुक्कर अभयारण्याची हद्द वाचून चालत नाहीत. भाताच्या लोंब्या भरल्या की डुकरांचा कळप येतो आणि खातो त्याच्या कितीतरी पट तुडवतो. हत्ती आला तर उसाचा फड आणि केळीची बाग एका रात्रीत आडवी. अस्वल पिकाला फारसे नाही, पण पहाटे पाणंदीने जाणाऱ्या माणसाला भारी. मग शेतकरी माळ्यावर बसतो, डबे बडवतो, शेकोटी पेटवतो, फटाके लावतो. भाद्रपदापासून मळणीपर्यंत ज्याने रात्री घरात पाठ टेकली नाही अशी माणसे या सभेत किती आहेत, हे आम्ही विचारले असते तर अर्धी सभा हात वर करील.

अशा माणसाच्या हातात परवान्याची बंदूक असणे यात आम्हांस काहीही गैर दिसत नाही. परंतु त्या बंदुकीचे काम कोणते, हे स्पष्ट असू द्या. ती आवाजासाठी आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गवा, हत्ती, बिबट्या, अस्वल यांना कडक संरक्षण दिले आहे. पीक खाल्ले म्हणून त्यांच्यावर गोळी झाडण्याची परवानगी तुमच्या परवान्यात नाही. रानडुकरासाठीही वनखात्याची लेखी परवानगी लागते. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्हेतूने केलेली कृती तेवढी कलम ११ माफ करते. आणि अंधारात झुडूप हलले म्हणून बार काढणाऱ्याची गोळी आपल्याच भावबंदाला लागल्याच्या हकीकती सह्याद्रीच्या कुठल्या तालुक्यात ऐकू येत नाहीत? यापेक्षाही वाईट दोन गोष्टी आहेत, त्या म्हणजे कुंपणात सोडलेली विजेची तार आणि डुकरासाठी पेरलेला गावठी बॉम्ब. त्यांना डूक्कर, गाय आणि मूल यांतील भेद कळत नाही. जो अधिकारी परवान्याचा अर्ज वर्षानुवर्षे टेबलावर ठेवतो, तो नकळत या तारेला आणि या बॉम्बला वाट करून देतो, असा आमचा आरोप आहे.

याच राज्यात कोडगू जिल्हा आहे. तेथील कोडवांना व जम्मा जमीनधारकांना ब्रिटिश काळापासून बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. कोडवांचा आम्हांस हेवा नाही. त्यांची कैलपोळ्दची शस्त्रपूजा आम्हांला आमच्या खंडेनवमीसारखीच आपली वाटते. पण एका डोंगररांगेच्या एका टोकाला सूट आणि दुसऱ्या टोकाला साध्या परवान्यासाठी खेटे, हा प्रकार आम्हांस समजत नाही. आम्ही सूट मागत नाही. कायद्यात जे लिहिले आहे ते वेळेवर द्या, एवढेच मागतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी आपला अहवाल ३० दिवसांत पाठवावयाचा आहे. हे ३० दिवस कोणत्या पंचांगाचे, एवढे सरकारने जाहीर करावे.

निवडणुकीच्या वेळच्या जमेविषयी थोडेसेच सांगतो. आचारसंहिता लागली की ठाण्याचा निरोप येतो आणि सगळ्या बंदुका गाडीत घालून न्याव्या लागतात. २०२० च्या ग्रामपंचायत निवडणुका डिसेंबरात झाल्या. ते मळणीचे दिवस. डुकरांना आचारसंहिता लागू नसते. गोव्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सरसकट जमेच्या हुकुमावर बोट ठेवले आणि त्यानंतर २००९ साली निवडणूक आयोगाने सूचना काढल्या की, जिल्ह्याजिल्ह्यात छाननी समिती असावी आणि जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा पूर्वेतिहास असलेले, पूर्वी दंग्यात सापडलेले अशांचा विचार करून निर्णय घ्यावा. म्हणजे पाहणी माणसागणिक व्हावी. ज्याच्यावर उभ्या जन्मात एक तक्रार नाही त्याने छाननी समितीकडे लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी.

आता त्या तरुणांचा प्रश्न.

पोलीस आपले वाटत नाहीत, ही भावना या भागात कशी आली हे आम्हांला कोणी शिकवू नये. १७ जानेवारी १९५६ चा गोळीबार बेळगावने आणि निपाणीने पाहिला आहे आणि हुतात्म्यांच्या स्मरणार्थ आपण दरसाल त्या दिवशी जमतो. १९८६ च्या कानडी सक्तीविरोधी आंदोलनातही आपली माणसे पोलिसांच्या गोळ्यांनी पडली. पण इतिहास पुरता वाचा. जानेवारी १९५६ मध्ये बेळगाव मुंबई राज्यात होते! त्या दिवशी ज्या बंदुका कडाडल्या त्या म्हैसूरच्या नव्हत्या. मुंबईच्या फ्लोरा फाउंटनवर ज्यांचे रक्त सांडले तेही मुंबई सरकारच्या अमदानीतच. एप्रिल १९८१ मध्ये निपाणीच्या रस्त्यावर तंबाखूच्या भावासाठी बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळ्या चालल्या. त्या शेतकऱ्यांत मराठी होते तसे कानडीही होते. तेव्हा बंदूक कोणत्या भाषेची, हा प्रश्नच चुकीचा आहे. बंदूक कोणाच्या हुकुमात आहे आणि हुकूम देणारा कोणाला जाब देतो, हा खरा प्रश्न होय.

आणि या गोळीबारांना लोकांनी उत्तर दिले ते कशाने? सभांनी, सत्याग्रहांनी, तुरुंगवासाने, मतपेटीने. समजा त्या जमावात चार पिस्तुले असती. मग हुतात्मा चौक झाला असता काय? 'दंगेखोरांशी चकमक' अशी एका ओळीची बातमी झाली असती, आणि पुढील पन्नास वर्षे आमच्या प्रत्येक सभेला तीच ओळ दाखवून बंदी घातली गेली असती. ज्यांना आपला लढा मोडायचा आहे त्यांना आपल्या एखाद्या पोराच्या कमरेला गावठी कट्टा सापडावा याहून मोठी पर्वणी नाही.

कोणी म्हणेल, ही चळवळीची गोष्ट झाली. एकट्यादुकट्याच्या जिवाचे काय? डॉ. नरेंद्र दाभोलकर २०१३ साली पुण्यात आणि कॉ. गोविंद पानसरे २०१५ साली आपल्या शेजारच्या कोल्हापुरात सकाळच्या फेरीच्या वेळी गोळ्यांना बळी पडले. त्याच २०१५ साली धारवाडात कलबुर्गी गेले. खिशात पिस्तूल असते तर हे वाचले असते असे ज्यास वाटते त्याने मोटारसायकलवरून येणाऱ्या मारेकऱ्याचा हिशेब केलेला नाही. मारेकरी वेळ आणि जागा आधी ठरवून येतो. ज्याला मरायचे असते त्याला हत्यार काढण्याइतका अवधी मिळत नाही. त्यांना वाचवू शकली असती ती बिनपरवाना हत्यारांचा माग काढणारी पोलीस यंत्रणा.

अमेरिकेचा दाखला हल्ली तरुणांच्या तोंडी असतो. तेथे १७९१ पासून शस्त्राचा हक्क घटनेत आहे. तेथील सरकारी आकड्यांप्रमाणे २०२१ या एका वर्षात बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसे मेली, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. चोर परका असतो, पण घरातली बंदूक बहुतेकदा घरातल्याच हाती लागते. कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्याच्या घरी कीटकनाशकाची बाटलीदेखील उघडी असू नये असे आपण म्हणतो. तेथे भरलेली बंदूक खुंटीला टांगून ठेवायची काय? ज्यांच्याकडे परवाना आहे त्या आयाबहिणींनी आमचे एवढे ऐकावे: बंदूक आणि काडतुसे निरनिराळ्या कुलपांत ठेवा, आणि घरात कोणी खचलेले असेल त्या दिवशी किल्ली शेजारच्या घरी द्या.

आसामच्या सरकारने मे २०२५ मध्ये सीमेलगतच्या संवेदनशील भागांतील मूळ रहिवाशांना शस्त्रपरवाने देण्याचा निर्णय केला, तो दाखलाही एका तरुणाने दिला. जम्मूतही १९९५ पासून ग्रामरक्षण समित्यांना रायफली दिल्या गेल्या. पण तेथे पलीकडे परके राष्ट्र आहे आणि रात्री येणारा दहशतवादी आहे. आपल्या सीमेपलीकडे कोण आहे? चंदगड आहे, आजरा आहे, आपलीच सोयरीक आहे. आणि अलीकडे जो कानडी शेजारी आहे तो आपल्याच बाजारात कांदे घेतो. छत्तीसगडात सरकारने आदिवासी पोरांच्याच हाती बंदुका देऊन गावातल्या गावात लढाई लावली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये ती व्यवस्था घटनाबाह्य ठरवली, तोवर कित्येक गावे ओस पडली होती. दोन भाषांच्या एका गल्लीत हत्यारे शिरली तर गल्ली उरत नाही.

मग करायचे काय? देशात दर लाख माणसांमागे मंजूर पोलीस दोनशेच्या जवळपास आणि प्रत्यक्षात असलेले दीडशेच्या आसपास, असे सरकारी हिशेब सांगतात. खानापूर तालुका सुमारे १,७०० चौरस किलोमीटरांचा, त्यात निम्म्याहून अधिक रान. ठाणी खानापुरात आणि नंदगडात. पावसाळ्याच्या रात्री शिपायाने कितीही मनावर घेतले तरी तो कधी पोहोचणार? कायदा म्हणतो की, सरकारी संरक्षण मागण्यास वेळ असेल तेव्हा स्वसंरक्षणाचा हक्क नाही; जुन्या दंडसंहितेच्या कलम ९९ चे हे तत्त्व नव्या न्यायसंहितेच्या कलम ३७ मध्येही आहे. ठीक. पण जेथे संरक्षण पोहोचायला दोन तास लागतात तेथे हे वाक्य शेतकऱ्याला लागू करताना न्यायाधीशाने घड्याळ पाहावे की नकाशा? आम्ही तर म्हणतो की, ते वाक्य आधी सरकारला लागू करा. हक्क मर्यादित केलात, तर संरक्षण पोहोचते करा.

पूर्वी गावात पाटील होता. महाराष्ट्राने १९६७ च्या कायद्याने पोलीस पाटील ठेवला. या राज्याने १९६१ च्या कायद्याने वंशपरंपरेची वतने मोडली, ते योग्यच केले, परंतु वतनाबरोबर गावातला जबाबदार माणूसही गेला. त्याची भरपाई म्हणून १९६४ चा ग्रामरक्षण दलांचा कायदा या राज्यात आहे. गावातील निवडक माणसांची नोंद, त्यांना शिक्षण, पोलिसांच्या देखरेखीखाली रात्रीची गस्त, अशी ती कल्पना. हातात काठी, विजेरी आणि शिट्टी असली की गस्तीला पुरे. गुंजीने असे दल मागावे, आणि त्यात मराठी, कानडी, कोकणी, उर्दू सर्व घरांतली माणसे असावीत. एका भाषेचे दल आम्हांस नको.

तक्रार नोंदवून घेत नाहीत, असे एक आजीबाई आत्ताच म्हणाल्या. आजी, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात सांगितले आहे की, दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की ती नोंदवलीच पाहिजे. हद्द आपली नाही हीही सबब चालत नाही. आणि भाषेचे म्हणाल, तर घटनेचे ३५० वे कलम म्हणते की, गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्यास देता येते. तेव्हा तुमचे गाऱ्हाणे मराठीत लिहा, खाली सही करा, पोच मागा. पोलिसांविरुद्धच तक्रार असेल तर २००६ च्या प्रकाश सिंग निकालाप्रमाणे जिल्हा आणि राज्य पातळीवर तक्रार प्राधिकरणे असावयाची आहेत, तेथे जा. रात्री संकट आले तर ११२ फिरवा, आणि गाडी किती वेळाने आली ते कागदावर टिपून ठेवा. अशा शंभर टिपणांची वही जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवली, तर ती आमच्या दहा अग्रलेखांपेक्षा अधिक बोलेल.

तीन अर्जांचे मसुदे आम्ही बरोबर आणले आहेत. एक पिकाच्या राखणीच्या परवान्यासाठी, एक छाननी समितीसाठी आणि एक ग्रामरक्षण दलासाठी. सभा संपल्यावर ज्यांचे परवाने नूतनीकरणास आले आहेत त्यांनी परवान्याचे पुस्तक घेऊन पुढे बसावे. सातबाऱ्याऐवजी इकडे जो उतारा चालतो त्याची नक्कल जोडावी लागेल, ती ज्यांच्यापाशी नाही त्यांनी आज फक्त नाव लिहून जावे. ग्रामरक्षण दलाच्या अर्जावर सह्या घेण्यास आम्ही आताच सुरुवात करीत आहोत, आणि ज्या तरुणांनी आम्हांला तो प्रश्न विचारला त्यांनी पहिली सही करावी, अशी त्यांना विनंती आहे.